गुणसूत्रांची वाटणी आणि पेशीचे वेळापत्रक : यीस्टपासून भाताच्या लोंबीपर्यंत

भात निसवतो, लोंब्या बाहेर पडतात, शेत भरल्यासारखे दिसते. आणि कापणी जवळ आली की लोंबीतील बरेचसे दाणे पोचट असल्याचे लक्षात येते. अशा वेळी पहिला संशय किडीवर जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु काही वेळा हे नुकसान निसवण्याच्या आधीच, लोंबी पोटरीत असताना झालेले असते. त्या वेळी लोंबीच्या आत परागकण तयार होण्याची पूर्वतयारी चाललेली असते आणि पेशी आपल्या गुणसूत्रांची वाटणी करीत असतात. या वाटणीचे यश पुष्कळ अंशी वेळेवर अवलंबून असते. कोणती घटना आधी घडावी, कोणती नंतर आणि दोहोंमध्ये किती काळ जावा, याचे पेशीत एक ठरलेले वेळापत्रक असते. त्याचे नियम शास्त्रज्ञांना समजले ते मुख्यतः पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या अभ्यासातून. ते नियम कोणते आणि पिकाकडे पाहताना त्यांचा काय उपयोग होतो, हे प्रस्तुत लेखात पाहू.

एकदा प्रत, दोनदा वाटणी

सजीवाचे शरीर वाढते ते सूत्री विभाजनाने. पेशी आपल्या प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत काढते, मूळ आणि प्रत या दोन जुळ्या धाग्यांना काही काळ एकत्र बांधून ठेवते आणि नंतर त्यांना विरुद्ध दिशांना ओढून दोन समान पेशी तयार करते. एकदा प्रत, एकदा वाटणी, असा हा सरळ हिशोब आहे.

परागकण आणि बीजांड यांमधील प्रजनन पेशी ज्या विभाजनातून निर्माण होतात, त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. येथे प्रत एकदाच काढली जाते, वाटणी मात्र दोनदा होते. भाताच्या पेशीत २४ गुणसूत्रे, म्हणजे १२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातृवाणाकडून आणि दुसरे पितृवाणाकडून आलेले असते. पहिल्या वाटणीत हे दोन जोडीदार एकमेकांपासून दूर जातात. प्रत्येकाचे जुळे धागे तेवढे एकत्र राहतात. दुसऱ्या वाटणीत जुळे धागे वेगळे होतात. शेवटी चार पेशी मिळतात आणि प्रत्येकीत १२ गुणसूत्रे असतात.

दोन्ही वाटण्यांत ओढण्याचे काम करणारी यंत्रणा एकच असते. तर्कुतंतू नावाचे बारीक धागे पेशीच्या दोन ध्रुवांकडून येतात आणि गुणसूत्राला एका ठरावीक ठिकाणी, म्हणजे गुणसूत्रबिंदूपाशी, पकडतात. मग पहिल्या वेळी जोडीदार आणि दुसऱ्या वेळी जुळे धागे वेगळे होतात, हा फरक येतो कुठून? तो येतो पकड बसण्याच्या वेळेतून आणि त्याआधी झालेल्या तयारीतून. शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. बियाणे तेच, पाभर तीच आणि बैलही तेच असले, तरी वाफसा येण्याआधी केलेली पेरणी फसते.

यीस्टच का?

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट एकपेशीय असले, तरी त्याच्या पेशीची रचना वनस्पती व प्राणी यांच्या पेशींसारखी आहे. तिला केंद्रक असते आणि तिची गुणसूत्रे एकगुणी अवस्थेत १६, तर द्विगुणी अवस्थेत ३२ असतात. केंद्रकयुक्त सजीवांपैकी सर्वप्रथम ज्याच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचे वाचन पूर्ण झाले, तो सजीव हाच. ते वर्ष होते १९९६. पेशीचक्राचे नियंत्रण करणारी जनुके शोधण्यासाठी लेलँड हार्टवेल यांनी याच यीस्टचा उपयोग केला. पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासह त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

द्विगुणी यीस्टला नत्र मिळेनासे झाले आणि आंबवण्याजोगी साखरही उरली नाही, की ते अर्धगुणसूत्री विभाजनाकडे वळते. त्यातून निर्माण झालेले चारही बीजाणू एकाच पिशवीसारख्या आवरणात राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने ते एकेक वेगळे करून वाढवता येतात. एखाद्या बीजाणूला एक गुणसूत्र कमी मिळाले तर तो जगत नाही. एक जास्त मिळाले तर तो सहसा जगतो. त्यामुळे चारपैकी किती बीजाणू जगले, यावरून चूक कुठे झाली याचा अंदाज बांधता येतो. एका गुणसूत्राच्या बाबतीत पहिली वाटणी चुकली तर दोन बीजाणू जगतात आणि दोन मरतात. पहिली वाटणी नीट होऊन दुसऱ्या वाटणीत दोनपैकी एका पेशीत चूक झाली तर तीन जगतात आणि एक मरतो. पेशीने स्वतःचा हिशोब इतक्या स्पष्टपणे मांडून ठेवावा, असे अभ्यासाचे साधन क्वचितच मिळते.

पकड लवकर बसली तर

पहिल्या वाटणीपूर्वी पेशी दीर्घ काळ पूर्वावस्थेत थांबते. या काळात जोडीदार गुणसूत्रे एकमेकांना शोधतात. पेशी स्वतःच डीएनएमध्ये ठिकठिकाणी छेद घेते आणि ते छेद सांधताना जोडीदारांत तुकड्यांची अदलाबदल होते. या अदलाबदलीमुळे संततीत विविधता येते, तसेच दोन जोडीदार एकमेकांत गुंतून राहतात. त्यानंतर मोनोपोलिन नावाचा प्रथिनसमूह जुळ्या धाग्यांची पकडण्याची ठिकाणे एकत्र जखडतो. एका जुवाला जुंपलेली बैलजोडी जशी एकाच दिशेने जाते, तसे हे दोन धागे पहिल्या वाटणीत एकाच ध्रुवाकडे जातात.

ही तयारी पूर्ण होण्यापूर्वीच तर्कुतंतूंनी गुणसूत्रे पकडली तर काय होईल? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दिवंगत शास्त्रज्ञ अँजेलिका अमोन यांच्या गटाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. सायक्लिन या प्रथिनांमुळे पेशीचक्राचे टप्पे पुढे सरकतात. त्यांपैकी सीएलबी-३ हे सायक्लिन यीस्टमध्ये फक्त दुसऱ्या वाटणीच्या वेळी तयार होते. २००८ मध्ये या गटाने दाखवून दिले की, त्याचा जनुकीय संदेश पहिल्या वाटणीच्या वेळीही पेशीत हजर असतो. पण त्यापासून प्रथिन बनवणे पेशी रोखून धरते. ही रोख उठवून सीएलबी-३ आधीच तयार होऊ दिले, तेव्हा पहिल्या वाटणीतच जुळे धागे वेगळे होऊ लागले.

याचे कारण याच गटाच्या २०१२ मधील संशोधनातून स्पष्ट झाले. नेहमीच्या पूर्वावस्थेत पेशी दोन प्रकारे खबरदारी घेते. एकीकडे ती सायक्लिनचा जोर कमी ठेवते आणि दुसरीकडे गुणसूत्रावरील पकडण्याच्या जागेचा बाहेरचा भाग काढून ठेवते, जेणेकरून तंतूंना पकडायला काही मिळूच नये. सायक्लिन लवकर आले की पकड लवकर बसते. मोनोपोलिनला आपले काम करण्यास अवसर मिळत नाही आणि जुळ्या धाग्यांना दोन विरुद्ध ध्रुवांकडून पकडले जाते. परिणामी अर्धगुणसूत्री विभाजनात शिरलेली पेशी गुणसूत्रांची वाटणी साध्या सूत्री विभाजनासारखी करू लागते. सर्व भाग शाबूत असूनही केवळ क्रम बदलल्याने निष्पत्ती बदलते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

थांबण्याची व्यवस्था

घाई टाळण्यासाठी पेशीत तपासणीनाके असतात. छेद सांधले गेले नसतील तर पहिले नाके पेशीला पूर्वावस्थेतच थांबवते. यीस्टमध्ये हा थांबा एनडीटी-८० या प्रथिनाच्या नियंत्रणातून साधला जातो. हे प्रथिन कार्यान्वित होण्यापूर्वी यीस्टला पुन्हा अन्न दिले, तर ते विभाजन अर्ध्यावर सोडून नेहमीच्या वाढीकडे परतू शकते. नंतर मात्र परतीचा मार्ग बंद होतो. अन्न मिळाले तरी विभाजन पूर्णच करावे लागते.

दुसरे नाके गुणसूत्रांवरील ताण पाहते. दोन्ही बाजूंनी योग्य ओढ बसली की जोडी ताणली जाते. ताण नसेल तर पकड चुकीची आहे असे समजून पेशी थांबते, चुकीची पकड सोडते आणि नव्याने धरते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे नाके निकामी केलेल्या यीस्टचा अभ्यास करण्यात आला. गुणसूत्र जितके लांब तितकी पहिल्या वाटणीतील चूक अधिक, असे आढळले; सर्वांत लांब गुणसूत्राच्या बाबतीत चुकीचे प्रमाण १९ टक्क्यांपर्यंत गेले. पुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. नाके निकामीच ठेवून वाटणीचा क्षण अन्य मार्गाने पुढे ढकलला, तेव्हा या चुका टळल्या. पेशीला पकड दुरुस्त करण्यासाठी हवी होती ती थोडी अधिक सवड.

बंधन केव्हा तोडावे?

जुळे धागे कोहेसिन नावाच्या प्रथिनाने बांधलेले असतात. पहिल्या वाटणीत ते गुणसूत्राच्या भुजांवरून कापले जाते, तेव्हाच जोडीदार सुटे होतात. मात्र गुणसूत्रबिंदूजवळचे कोहेसिन त्या वेळी शाबूत राहावे लागते. अन्यथा दुसऱ्या वाटणीपर्यंत जुळे धागे एकत्र राहणारच नाहीत. हे संरक्षण करणाऱ्या प्रथिनाची ओळख २००४ मध्ये योशिनोरी वातानाबे यांच्या गटाने दुसऱ्या एका प्रकारच्या यीस्टमध्ये पटवली आणि त्याला शुगोशिन असे जपानी नाव दिले. त्याचा अर्थ संरक्षक देवता. कोकण-गोव्यातील वाचकांना यावरून गावाचा राखणदार आठवेल.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. या प्रथिनाचा पहिला नमुना त्याआधीच ड्रोसोफिला या लहानशा माशीत सापडला होता. ही माशी म्हणजे आंबा व वेलवर्गीय भाज्यांचे नुकसान करणारी फळमाशी नव्हे. ती अतिपक्व, आंबलेल्या फळांभोवती घोंघावते. माशीतील प्रथिन आणि यीस्टमधील शुगोशिन एकाच कुळातील असल्याचे दिसून आले. भातातही या कुळातील प्रथिन आहे. यीस्टवरील निष्कर्ष पिकांच्या संदर्भात विचारात घेतले जातात, त्याला असा आधार आहे.

यीस्टमधील आणखी एक निरीक्षण बोधप्रद आहे. काही उत्परिवर्तित प्रकारांत पहिल्या वाटणीचे तर्कुतंतू वेळेवर मोडले जात नाहीत, पण गुणसूत्रांचे काम पुढे सरकत राहते. मग दुसरी वाटणीही जुन्याच तंतूंवर होते आणि चारऐवजी दोनच बीजाणू तयार होतात. पेशीत अनेक कामे समांतर चालतात आणि त्यांचा परस्परांशी मेळ राहणे, हेच वेळापत्रकाचे खरे कार्य आहे.

पोटरीतील भात

आता शेताकडे वळू. भातात परागकणांच्या मातृपेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन निसवण्यापूर्वी साधारण दहा-बारा दिवस आधी, लोंबी आवरणाच्या आत असताना होते. ही वेळ बाहेरून ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पानाचे पाते आणि देठाभोवतीचे आवरण जेथे जुळते, तो सांधा पाहावा. शेवटच्या, म्हणजे ध्वजपानाचा सांधा त्याखालच्या पानाच्या सांध्याच्या पातळीला आला, की विभाजन ऐन भरात आहे असे समजावे. एकाच लोंबीतील सर्व फुले एकाच वेळी या अवस्थेत नसतात. म्हणून हा नाजूक काळ काही दिवस चालतो.

याच काळात आणि त्याला लागून येणाऱ्या कोवळ्या परागकणांच्या अवस्थेत भात थंडीला फार संवेदनशील असतो. वाणानुसार १५ ते २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान काही दिवस टिकले, तर वांझ फुलांचे प्रमाण वाढते. काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि ईशान्येकडील डोंगराळ भागांत ही अडचण परिचित आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे सगळे नुकसान गुणसूत्रांची वाटणी चुकल्यामुळेच होते, असे नाही. परागकोशात कोवळ्या परागकणांना अन्न पुरवणारा पेशीथर बिघडणे हे थंडीतील वांझपणाचे प्रमुख कारण आहे. तसेच उष्णतेचा सर्वाधिक धोका ऐन फुलोऱ्यात असतो. फुले उमलताना तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर तासाभरातही परागीभवन बिघडू शकते. तरीही यीस्टने शिकवलेली मूळ गोष्ट येथे लागू पडते. विशिष्ट टप्प्यावर झालेली हानी पुढच्या टप्प्यावर भरून निघत नाही आणि ती डोळ्यांना दिसते तोवर उपायाची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून पोचट दाण्यांची तक्रार आल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम पुढील फरक तपासावेत.

१. खोडकीड : संपूर्ण लोंबी पांढरी पडून ताठ उभी राहते आणि ओढल्यास सहज उपसून येते. खोडावर छिद्र व आत विष्ठा आढळते. हीच पळींज.

२. लोंबीवरील ढेकण्या : दाणे चिकात असताना कीड रस शोषते. पोचट किंवा अर्धवट भरलेल्या दाण्यांवर तपकिरी ठिपके दिसतात. शेतात उग्र वास येतो आणि किडेही दिसतात.

३. पोटरीतील ताण : लोंबी हिरवी व निरोगी बाहेर पडते, उपसून येत नाही. रिकाम्या दाण्यांवर छिद्र वा ठिपका नसतो. फुलोऱ्यात परागकोश फिके, आकसलेले दिसतात. एकाच सुमारास पोटरीत आलेल्या शेतांत नुकसान सारखे असते.

शंका उरल्यास फुलोऱ्यातील परागकोश काचपट्टीवर चिरडून आयोडीन व पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. पिष्ठाने भरलेले सक्षम परागकण गडद निळे-काळे होतात. वांझ परागकण पिवळसर राहतात. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत ही तपासणी सहज होऊ शकते. तिसऱ्या प्रकारात कीटकनाशकाचा कोणताही उपयोग नाही. उलट खर्च वाढतो आणि कोळी, चतुर यांसारखे मित्रकीटक व किडींचे इतर नैसर्गिक शत्रू नष्ट होतात.

प्रतिबंध मात्र शक्य आहे. थंड प्रदेशात पेरणीची तारीख आणि वाणाचा कालावधी अशा रीतीने निवडावा, की पोटरीची अवस्था थंडीच्या लाटेत सापडणार नाही. त्या काळात नत्राचा जादा हप्ता टाळावा, कारण अतिरिक्त नत्रामुळे थंडीतील वांझपणा वाढतो. जपानच्या होक्काइडो बेटावर शेतकरी या दिवसांत खाचरातील पाण्याची पातळी सुमारे २० सेंटीमीटरपर्यंत वाढवतात. कोवळी लोंबी त्या वेळी खोडात खालीच असते आणि रात्रीच्या थंड हवेपेक्षा उबदार असलेले पाणी तिचे रक्षण करते.

वेळापत्रक मुद्दाम बदलले तर

नैसर्गिक क्रम बिघडल्यास नुकसान होते; तोच क्रम हेतुपूर्वक बदलल्यास एक मोठी शक्यता उघडते. संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण अर्धगुणसूत्री विभाजनात जनुकांची नवी मांडणी होते आणि पुढच्या पिढीत संकराचा जोम विखुरतो. भातात तीन जनुके निकामी केल्यास ही मांडणीच टळते. एक जनुक अदलाबदलीसाठी लागणारे, दुसरे जुळ्या धाग्यांना बांधणारे कोहेसिन बनवणारे आणि तिसरे पेशीचक्राला दुसऱ्या वाटणीकडे नेणारे. तिसरे जनुक नसले की दुसरी वाटणी होतच नाही. मग पहिल्याच वाटणीत जुळे धागे वेगळे होतात आणि मातृवनस्पतीची सर्व गुणसूत्रे जशीच्या तशी प्रजनन पेशीत उतरतात. वर पाहिलेल्या यीस्टमधील बिघाडाशी याचे साम्य सहज ध्यानात येईल.

२०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी या बदलाला आणखी एका जनुकाची जोड दिली. त्यामुळे फलनाशिवाय अंडपेशीपासून भ्रूण वाढू लागला आणि भाताच्या काही बियांतून मातृवनस्पतीची हुबेहूब रोपे मिळाली. हे तंत्र सर्वसामान्य शेतापर्यंत येण्यासाठी अजून पुष्कळ काम व्हायचे आहे. परंतु संकरित वाणाचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येईल का, हा प्रश्न आता पेशीचक्राच्या अभ्यासाशी जोडला गेला आहे.

तोपर्यंत आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे पिकाच्या टप्प्यांची नोंद. पेरणी, पुनर्लागवड, ध्वजपानाचे सांधे समपातळीला आल्याचा दिवस, निसवण्याचा दिवस आणि त्या काळातील किमान व कमाल तापमान, एवढी नोंद प्रत्येक गावात किमान एका शेतावर ठेवली, तरी पोचट दाण्यांचे कारण ठरवताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही आणि पुढील हंगामाची पेरणीची तारीख अधिक विचारपूर्वक ठरवता येईल.